दोन मुलं झाली की थेट ऑपरेशन : मधली साधनं कुणी वापरतं का?

मुक्ता_र

सातारा जिल्ह्यात बचतगटांबरोबर काम करते. हिशेब, वह्या, कर्जाचे हप्ते हे माझं काम. पण हिशेब आटोपला की बायका लगेच उठत नाहीत, आणि मग जे बोलणं होतं ते वहीत येत नाही. हल्ली विषय निघतोय पाळणा लांबवण्याचा.

साधनांची नावं विचारली की उत्तरं धडाधड येतात. निरोध, माला-डी गोळ्या, तांबी (कॉपर-टी), तीन महिन्यांचं इंजेक्शन, बिनटाक्याचं (नसबंदीचं) ऑपरेशन. एक आजी तर कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणापर्यंत पोचल्या. मग विचारलं, ऑपरेशनच्या आधी यातलं काय वापरलंत? बहुतेकींचं उत्तर "काहीच नाही". लग्नानंतर वर्षाच्या आत पहिलं, ते चालायला लागायच्या आत दुसरं, आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. विषय संपला.

घरी येऊन आकडे पाहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. निरोध ९.५, गोळ्या ५.१, तांबी २.१. आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांच्या ऑपरेशनचं प्रमाण याहून बरंच जास्त, निम्म्याच्या घरात आहे. त्याच पाहणीत निदान एक साधन माहीत असलेल्या बायका ९९ टक्क्यांच्या वर.

म्हणजे ठाऊक सगळ्यांना आहे. मग अडतं कुठे? माझं मत असं की बाईला साधन माहीत असतं, ते वापरायचं की नाही हे ठरवणारं माणूस दुसरंच असतं. तुमचे अनुभव लिहा. शहरातल्यांनीही लिहा, तिथे सगळं आलबेल आहे असं मला वाटत नाही.

---

शेंगदाणा_चिक्की

चांगला विषय. आता पुरुष आयडी कसे गायब होतात बघा.

---

कोरडा_पाषाण

गायब नाही. कोपऱ्यात बसून वाचतोय. या विषयात पुरुष कोपऱ्यातच असतो, आकडा दिलाच आहे वर.

---

रानजाई

माझा अनुभव तांबीचा. पहिल्या मुलीनंतर बसवली. पहिले तीन महिने पाळीत अंगावरून खूप जायचं, पोटात कळा. आई म्हणाली काढून टाक, सासूबाई म्हणाल्या काढून टाक, शेजारच्या काकूंनी तर त्यांच्या गावात एकीची तांबी "वर चढून काळजापाशी गेली" असं सांगितलं. मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, काळजापर्यंत रस्ता आहे का हो? त्या हसल्याच. गर्भाशयाला खाली तोंड आहे, वर काळजात उघडणारं दार नाही म्हणाल्या. दोरा हाताला लागतोय ना, ते पाळीनंतर बघत जा एवढंच सांगितलं.

चौथ्या महिन्यापासून त्रास कमी झाला. पुढे मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा काढली आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा दिवस राहिले. "तांबीने वांझपण येतं" म्हणणाऱ्या काकू बारशाला पेढे खाऊन गेल्या.

पण मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मला त्या तीन महिन्यांत धीर द्यायला डॉक्टर होती, रजा घेता येत होती आणि नवरा "तुझं तू ठरव" म्हणणारा होता. ज्या बाईला असं रक्त जात असताना विहिरीवरून पाणी आणायचंय, ती तांबी काढूनच टाकणार. आणि मग गावभर सांगणार.

---

निवृत्त_सिस्टर

मी उपकेंद्रावर एएनएम (गावची नर्स) म्हणून नोकरी केली. मराठवाड्यात आणि नंतर नगरकडे. थोडं सविस्तर लिहिते.

आमच्या सुरुवातीच्या काळात ऑपरेशनचं टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की "केसेस" पुऱ्या करायच्या. आम्हीच नाही, ग्रामसेवक, तलाठी, मास्तर, सगळ्यांच्या मागे केस आणायचा लकडा. एकाच बाईला तिघांनी आपली केस म्हणून सांगून ठेवलेलं मी पाहिलंय. १९९६ मध्ये सरकारने टार्गेट काढलं, पण ती सवय लगेच जात नाही. ऑपरेशन ही मोजता येणारी गोष्ट. एकदा झालं की कागदावर कायमचं. गोळ्या घेणारी बाई पुढच्या महिन्यात घेईल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून तिच्यामागे कोण वेळ घालवणार? जी साधनं सोडता येतात ती सांगायचा उत्साह यंत्रणेला कधीच नव्हता. यात बाईचा किंवा तिच्या सासूचा दोष नंतर येतो.

आता गोळ्यांचं. माला-एन फुकट मिळायची. २८ गोळ्यांचं पाकीट, त्यात २१ पांढऱ्या आणि ७ लोहाच्या. बायका काय करायच्या, नवरा बाहेरगावी गेला की गोळी बंद, आला की सुरू. किंवा लोहाच्या गोळ्या सुनेने खायच्या आणि पांढऱ्या ठेवून द्यायच्या, कारण "त्या गरम पडतात". दिवस राहिले की गोळीवर खापर.

इंजेक्शन (अंतरा) सरकारी दवाखान्यात आलं ते माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी. त्याला बायका कशा वळल्या ते सांगते. एक मुलगी यायची, वय असेल तेवीस. दंडावर इंजेक्शन घ्यायची आणि कार्ड माझ्याकडेच ठेवायची. "घरी नेलं तर कपाटात सापडंल." पुढची तारीख मी तिला सांगायची आणि ती बाजाराच्या दिवशीच यायची, म्हणजे बाहेर पडायला कारण असायचं. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, एवढं फक्त बजावायचे. तिच्या घरात कुणाला पत्ता नव्हता. गोळीचं पाकीट सापडतं, निरोध तर नवऱ्याच्याच हातात, तांबीचा दोरा नवऱ्याला जाणवतो अशी भीती. इंजेक्शनचा मागमूस राहत नाही.

तेव्हा मुक्ताताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. ठरवणारं माणूस दुसरं असतं, तरी बाया वाट काढतात.

---

शेंगदाणा_चिक्की

सिस्टर, __/\__ असे प्रतिसाद यावेत म्हणून तर इथे येते.

---

टक्केवारी

विषय महत्त्वाचा आहे पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. लोकसंख्या स्फोट झालाय. बायकांना काय सोयीचं वाटतं यापेक्षा कायदा करून दोनवर थांबवणं गरजेचं आहे. ऑपरेशन वाढली तर वाईट काय?

---

डॉ_अबोली

@टक्केवारी, आपण दिलेला मुद्दा चाळीस वर्षं जुना आहे. त्याच पाहणीत देशाचा एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.० आला आहे, म्हणजे बदली पातळीच्या (लोकसंख्या स्थिर राहण्याइतक्या) २.१ पेक्षा खाली. महाराष्ट्राचा १.७. स्फोट वगैरे राहू द्या. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला दोन मुलांची अट आहेच, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं की उमेदवारी गेली. त्या अटीपायी मुलं लपवणं, दत्तक दाखवणं, बायकोला माहेरी पाठवून देणं हे प्रकार ग्रामीण भागात कुणाला नवे नाहीत.

आता मूळ विषय. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे काम केलंय. ओपीडीत दिसतं ते लिहिते.

शहरातल्या शिकलेल्या बायकांमध्ये हॉर्मोनची भीती जबरदस्त आहे. "गोळ्यांनी वजन वाढतं, कॅन्सर होतो, मूल होत नाही." तिन्ही एका दमात. खरं असं की हल्लीच्या गोळ्यांत हॉर्मोनचं प्रमाण कमी असतं. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका उलट कमी होतो, स्तनाच्या कॅन्सरचा गोळ्या चालू असताना किंचित वाढतो. गोळी थांबवल्यावर मूल राहायला अडथळा नाही. ज्यांनी संयुक्त गोळ्या घेऊच नयेत अशा बायका आहेत : पस्तिशीच्या पुढे धूम्रपान करणाऱ्या, रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या, रक्तदाब फार वाढलेल्या, डोळ्यांपुढे चमकून मग अर्धशिशी उठते त्या. अंगावर पाजणाऱ्या आईनेही पहिले सहा महिने या टाळायच्या. म्हणून मैत्रिणीने सांगितली ती गोळी दुकानातून आणू नका.

अंतरा इंजेक्शनने पाळी अनियमित होते किंवा बंद होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते, "रक्त आत साठतंय" समजते. साठत नाही, अस्तरच पातळ राहतं. आणि इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच सांगायला हवं. पुढच्या वर्षी मूल हवंय तर हे साधन नको.

छाया गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. हॉर्मोन नाही. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली, नव्वदच्या दशकापासून वापरात आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. तरी माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊजणींनी नावही ऐकलेलं नसतं. ९९ टक्क्यांना "निदान एक साधन" माहीत आहे, ते एक म्हणजे ऑपरेशन. त्या आकड्याने कुणी हुरळून जाऊ नये.

---

कोरडा_पाषाण

आठवड्यातून एकदा म्हणजे आमच्यासारख्या विसराळूंना सोयीचं. पण वार लक्षात कोण ठेवणार?

---

डॉ_अबोली

रविवार-बुधवार ठरवायचं, तीन महिन्यांनी फक्त रविवार. इतकी वर्षं सोमवार-गुरुवारचे उपास लक्षात ठेवतातच की बायका. मात्र पीसीओएस (हॉर्मोनच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा आजार) असेल किंवा नुकतीच कावीळ झाली असेल तर ही गोळी नाही.

---

नाव_नको

हा आयडी आजच काढलाय. पुण्यात नोकरी करते, लग्न झालेलं नाही. मुक्ताताई म्हणाल्या शहरातल्यांनी लिहा, म्हणून.

मेडिकलमध्ये निरोध मागायचा तर काउंटरवरचा मुलगा आधी माझ्याकडे, मग माझ्या गळ्याकडे बघतो. मंगळसूत्र शोधतो. एकदा डॉक्टरांकडे गोळ्यांबद्दल विचारायला गेले. "मॅरीड?" "नाही." पुढची दहा मिनिटं मला आईवडिलांच्या विश्वासावर प्रवचन मिळालं, गोळ्यांवर एक वाक्य नाही. त्यानंतर मी आणि माझ्या मैत्रिणी "७२ तासांची गोळी" हेच साधन म्हणून वापरतो. महिन्यातून एकदोनदा होतंच. हे बरोबर नाही हे कळतं, पण ती गोळी मागितली की प्रश्न विचारत नाहीत.

---

डॉ_अबोली

@नाव_नको, त्या डॉक्टरच्या वतीने मला लाज वाटते. तू लिहिलंस हे बरं झालं.

ती गोळी तातडीसाठीच आहे. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर उपयोग होत नाही, आणि रुजलेला गर्भ ती पाडत नाही. वारंवार घेतलीस तर शरीराची कायमची हानी होते असं नाही, पण पाळीचा घोळ होतो आणि रोजच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी भरवशाची आहे. पाळी आठवडाभरापेक्षा जास्त लांबली तर तपासणी कर. आणि गर्भपाताच्या गोळ्यांचं किट दुकानातून परस्पर कधीही नको. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर जिवावर बेततं.

कायद्याचं सांगते, कारण हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. १९७१ च्या गर्भपात कायद्यात साधन फसल्याचं कारण फक्त विवाहित बाईला चालायचं. २०२१ च्या दुरुस्तीत "नवरा" च्या जागी "जोडीदार" आला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीबाबतही अविवाहित बाईला वेगळं काढता येणार नाही असं स्पष्ट केलं. मंगळसूत्र दाखवायची गरज नाही.

---

टक्केवारी

हे सगळं ठीक, पण अविवाहितांना साधनं म्हणजे...

---

शेंगदाणा_चिक्की

टक्केवारी, तुमचं वाक्य अर्धवट राहिलंय तेच बरं आहे.

---

पाचोळा

०.३ टक्क्यांपैकी एक हजर आहे.

बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझर. दुसऱ्या वेळी टेबलावरच "नसबंदीही उरकून टाकू का" विचारलं गेलं, ती नको म्हणाली कारण आमचं आधी ठरलं होतं. धाकटा वर्षाचा झाल्यावर मी सरकारी रुग्णालयात बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. जागा बधिर करतात, पुढच्या बाजूने एक बारीकसं छिद्र, दोन्ही नळ्या तिथूनच. मला वाटतं मी आत जाऊन परत येईपर्यंत सोबत आलेल्या भावाची बाहेर लावलेल्या क्रिकेटची चार-पाच षटकंही नीट बघून झाली नसतील. दोन दिवस आराम, आठवडाभर वजन उचलायचं नाही, लंगोट घट्ट.

जे कुणी सांगत नाही ते सांगतो. लगेच मोकळं रान नाही. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री करायची. ही तपासणी न करता "नसबंदी फेल गेली, मग मूल कुणाचं" म्हणत बायकोवर संशय घेणारे महाभाग आहेत.

ताकद जाते का? नाही. आवाज, दाढी, बाकी सगळं जागेवर. वीर्यही येतं, त्यात फक्त शुक्राणू नसतात. पण माझ्या आईला हे पटवणं अवघड गेलं. "पोराला खच्ची केलं सुनेने" असं ती मामीला फोनवर सांगत होती. बायकोचं पोट दोनदा फाडलं होतं तेव्हा कुणी मामीला फोन केला नव्हता.

---

रानजाई

पाचोळा, शेवटच्या ओळीला टाळ्या.

---

जुनी_वही

अवांतर करतोय, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

हा विषय मराठीत बोलायची सुरुवात शंभर वर्षांपूर्वी झाली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते, या कामापायी ती नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, स्वतःच्या पदरचे पैसे घालून. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या १९३४ च्या खटल्यात वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला आणि तो फेटाळला गेला.

आणि शकुंतला परांजपे. पुण्यात वर्षानुवर्षं बायकांना साधनांची माहिती देत राहिल्या. सरकारचा कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ चा, जगातला पहिला सरकारी कार्यक्रम म्हणतात तो. म्हणजे सरकारच्या तीस वर्षं आधी एक गणिताचा मास्तर हे काम करत होता. कर्व्यांचा मुद्दा लोकसंख्येचा नव्हता तेवढा बाईच्या शरीरावरच्या हक्काचा होता. सरकारने लोकसंख्या उचलली आणि हक्क ठेवून दिला.

---

बांधावरून

जुनी_वही, आणीबाणी विसरलात. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात तीन चतुर्थांश पुरुष होते. आमच्या आजोबांना एसटी स्टँडवरून नेलं होतं असं घरात सांगतात. त्या जबरदस्तीनंतर पुरुष जो पळाला तो आजतागायत परत आला नाही, आणि सरकारनेही पुन्हा पुरुषाच्या वाटेला जायची हिंमत केली नाही. सगळं ओझं बाईवर ढकललं. महाराष्ट्रात तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही झालं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

---

डॉ_अबोली

हे अगदी खरं. आणि बाईवर ढकलल्यावर काय झालं ते नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ दिसलं. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं, त्यातल्या १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. ऑपरेशन म्हणून चांगलं, सुरक्षित आहे, मी रोज करते. रांग लावून करायची ती गोष्ट नाही.

---

तोडणीची_लेक

सगळे प्रतिसाद वाचले. मला धाग्याच्या सुराबद्दल बोलायचंय.

माझी आई ऊसतोडीला जायची, पाथर्डीकडून कारखान्यावर. मी नर्सिंग केलं. तुम्ही सगळे "बिचाऱ्या बायकांना थेट ऑपरेशन करावं लागतं" असं लिहिताय. आईला मी विचारलं होतं, गोळ्या का नाही घेतल्यास. ती म्हणाली, कोयता घेऊन पहाटे तीनला निघायचं, पालावर झोपायचं, गोळी ठेवायची कुठं आणि आठवायची कधी? तांबी बसवून दुखायला लागलं तर दवाखाना कुठं, आणि खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. ऑपरेशन एकदाच, माहेरी जाऊन, पावसाळ्यात. मग कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको, आणि नवरा दारू पिऊन आला तरी दिवस जायची धास्ती नाही.

तिने विचार करून घेतलेला निर्णय होता तो. तिच्यासारख्या हजारो बायांनी घेतलाय. तिला पर्याय कमी होते हे मान्य. पण होते त्यातला तिने सगळ्यात शहाणा निवडला. तिला काही कळत नव्हतं असं कृपा करून धरून चालू नका.

---

निवृत्त_सिस्टर

पोरी, बरोबर बोललीस. माझ्याकडे ऑपरेशनला यायच्या त्यातल्या कितीतरी जणी नवऱ्याला न सांगता आलेल्या असायच्या. आणि नवऱ्याची सही लागतच नाही, हे लिहून ठेवा सगळ्यांनी. सरकारी नियमात ऑपरेशनला बाईची स्वतःची संमती पुरते. लग्न झालेलं असावं, वय २२ ते ४९, निदान एक मूल आणि ते वर्षाच्या वरचं. तरी दवाखान्यात "मालकाला घेऊन या" सांगून परत पाठवलेल्या बायका मला माहीत आहेत.

---

मुक्ता_र

तोडणीची_लेक, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या गटातल्या बायकाही बहुतेक हेच सांगत होत्या, फक्त हसत हसत. "सुटले एकदाची" हा शब्द मी बऱ्याच वेळा ऐकला.

तरी माझा प्रश्न शिल्लक राहतो. सुटका चोविसाव्या वर्षी होते, आधीची पाच वर्षं? पहिल्या दोन मुलांत अंतर नाही, रक्त भरून यायच्या आत दुसरं पोटात. त्या पाच वर्षांत सासर वाट बघत असतं. आमच्या साताऱ्यात २००७ मध्ये जिल्हा परिषदेने योजना काढली होती, लग्नानंतर दोन वर्षं मूल होऊ दिलं नाही तर जोडप्याला ५००० रुपये. गमतीने लोक तिला हनिमून पॅकेज म्हणायचे. एका बाईला मी विचारलं, तुम्ही नाव का नव्हतं नोंदवलं? म्हणाली, पाच हजारासाठी दोन वर्षं "हिला काही दोष आहे का" कोण ऐकून घेणार?

दुसरं, मुलगा. दोन मुली असतील तर ऑपरेशन होत नाही. एक मुलगा, एक मुलगी असेल तर दुसऱ्या दिवशी होतं. तिसरीच्या वेळी काय काय होतं ते इथे लिहीत नाही.

---

कोरडा_पाषाण

कोपऱ्यातून एक प्रश्न. त्याच पाहणीत पुरुषांना विचारलं होतं ना काहीतरी?

---

मुक्ता_र

हो. "साधनं वापरणं हा बायकांचा प्रश्न आहे, पुरुषाने त्यात पडू नये" याला साधारण ३५ टक्के पुरुषांनी हो म्हटलं.

---

कोरडा_पाषाण

म्हणजे ६५ टक्के नाही म्हणाले आणि ०.३ टक्क्यांनी करून घेतली. बाकीच्यांचा वैचारिक पाठिंबा आहे.

---

शेंगदाणा_चिक्की

=)) =))

---

टक्केवारी

मी आज हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, तुम्ही कधी जाताय? म्हणून काही दिवस या धाग्यावर येणार नाही.

---

पाचोळा

टक्केवारी, व्यक्तिगत निरोप करा. सोबत येतो.

---

संपादक_मंडळ

लोकसंख्या कायद्यावरचे आणि त्यापुढचे राजकीय प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. नाव_नको यांच्यावर वैयक्तिक शेरेबाजी करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. तिसरा आला तर आयडीही जाईल.

---

घरची_आघाडी

उशिरा आले. वरचं सगळं वाचलं, आता माझं सांगा. बाळ चार महिन्यांचं, फक्त अंगावर आहे, पाळी आलेली नाही. सासूबाई म्हणतात पाजतेस तोवर काही होत नाही. नणंदेला मात्र असंच बाळ दहा महिन्यांचं असताना, पाळी न येताच दिवस राहिले होते. कोण बरोबर?

---

डॉ_अबोली

दोघीही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काहीही नाही अगदी पाणीसुद्धा नाही, रात्रीचंही पाजणं चालू, आणि पाळी आलेली नाही, हे सगळं एकत्र असेल तोवर सासूबाईंचं खरं. यातलं एक जरी मोडलं तर नणंदेचं खरं. बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, त्यामुळे पाळीची वाट बघत बसलीस तर उशीर होतो. उष्टावण सहाव्या महिन्यात असेल, त्याच्या आधीच ठरव. तांबी, छाया, अंतरा तिन्ही तुला चालतील, निरोध तर कधीही. पुढचं मूल कधी हवंय?

---

घरची_आघाडी

तीन वर्षं तरी नको. नवरा म्हणतो दोन. सासूबाईंना विचारलेलं नाही.

---

निवृत्त_सिस्टर

मग तांबी. दहा वर्षांची बसवली तरी तीन वर्षांनी काढता येते. जाताना बाळाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, म्हणजे घरातून निघायला वेगळं कारण शोधायला नको.